आधी हाक, मग विमान: ऑस्ट्रेलियाच्या ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९१७. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या हॉल्स क्रीक या आडबाजूच्या वस्तीत जिमी डार्सी या तरुण गुराख्याला गाडीत घालून आणण्यात आले. घोड्यावरून पडल्याने त्याचे मूत्राशय फाटले होते. वस्तीत डॉक्टर नव्हता. पोस्टमास्तर फ्रेड टकेट प्रथमोपचार शिकलेले होते, एवढाच काय तो आधार. दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पर्थमधून डॉ. हॉलंड तारेने सूचना देत गेले आणि टकेट यांनी भूल न देता, खिशातल्या चाकूने शस्त्रक्रिया केली. हॉलंड स्वतःही निघाले: गुरे वाहणाऱ्या बोटीने डर्बीपर्यंत, पुढे मोटारीने, आणि अखेरचा टप्पा घोडागाडीने व पायी. यात जवळजवळ पंधरवडा गेला. ते पोचले तेव्हा डार्सी दगावला होता. शस्त्रक्रिया तो निभावून गेला होता. त्याला नेले ते मलेरियाने.

ही बातमी देशभर गाजली. पण हॉल्स क्रीकला निदान तारऑफिस तरी होते. त्याहून आत, शेकडो मैलांच्या गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या कुटुंबांना आजारपण कळवायलाही साधन नव्हते. दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोचवणाऱ्या ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवेचा इतिहास सांगताना विमानाचे कौतुक सगळे करतात. माझ्या मते तिची खरी अडचण हाक पोचवण्याची होती.

जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाला ते नेमके उमगले. १९१२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ सुरू झाले आणि दुर्गम भागात परिचारिका असलेली छोटी रुग्णालये उभी राहू लागली. विमानाची कल्पना त्यांना क्लिफर्ड पील या तरुणाच्या पत्रातून मिळाली. वैद्यकीचे शिक्षण घेत असताना तो वायुदलात गेला होता. विमानाने डॉक्टर कसा नेता येईल, त्याला वेळ आणि खर्च किती लागेल, हे त्याने १९१७ च्या पत्रात हिशेबासह मांडले होते. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तो मारला गेला. पत्राचे पुढे काय झाले हे त्याला कळलेच नाही, याची चुटपुट लागून राहते.

फ्लिन यांनी पुढची दहा वर्षे पैसा जमवण्यात घालवली. शेतीयंत्रांचे कारखानदार ह्यू मॅके यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या २००० पौंडांनी कामाला बळ आले. १५ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी इथे सेवा सुरू झाली. विमान क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतले होते. दोनच दिवसांनी, १७ मे रोजी, वैमानिक आर्थर ॲफ्लेक आणि डॉ. सेंट व्हिन्सेंट वेल्च ज्युलिया क्रीकला उडाले. डॉक्टर बंद केबिनमध्ये आणि वैमानिक मागे उघड्यावर, अशी त्या डीएच-५० विमानाची रचना होती. वाट शोधायची ती होकायंत्र, नदीनाले आणि कुंपणे पाहून. पहिल्या वर्षात ५० उड्डाणे झाली आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले.

हाकेचा प्रश्न सोडवला ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी. वीज नसलेल्या घरात चालेल असा बिनतारी संच हवा होता, आणि जड बॅटऱ्या परवडणाऱ्या नव्हत्या. ट्रेगर यांनी सायकलसारखे पेडल जनित्राला जोडले. खुर्चीत बसून पाय मारायचे, हाताने संदेश पाठवायचा. १९२९ पासून असे संच कुरणांवरच्या घरांत बसू लागले. मोर्स ही टिंब-रेघांची संकेतलिपी शिकणे सगळ्यांना जमेना, म्हणून ट्रेगर यांनी टंकलेखन यंत्रासारखा कळफलक केला: अक्षर दाबले की त्याचा मोर्स संकेत आपोआप जाई. पुढे प्रत्यक्ष बोलता येऊ लागले, आणि १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून याच बिनतारी जाळ्यावर मुलांची शाळाही सुरू झाली.

१९४२ पासून दूरच्या घरांत औषधांच्या पेट्या ठेवल्या जाऊ लागल्या. प्रत्येक औषधाला क्रमांक. त्याच्या जोडीला शरीराचा क्रमांकित नकाशा आला. ‘दुखते कुठे?’ या प्रश्नाला आकडा सांगितला की डॉक्टर पेटीतला आकडा सांगणार. घाबरलेल्या आईला याहून सोपे काय असणार!

एक गोष्ट झाकून चालणार नाही. फ्लिन यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने गोरे वसाहतकार होते, आणि मूळनिवासींकडे दुर्लक्ष केल्याबद्दल त्यांच्या हक्कांसाठी झटणारे डॉ. चार्ल्स ड्युगिड यांनी फ्लिन यांच्यावर टीका केली. ती रास्तच होती. आज सेवेच्या रुग्णांत मूळनिवासींचा वाटा मोठा आहे.

तिशीच्या दशकात सेवा चर्चच्या कक्षेबाहेर पडून देशभर पसरली आणि १९५५ मध्ये तिला ‘रॉयल’ उपाधी मिळाली. रात्री मातीच्या धावपट्टीवर विमान उतरवायचे तर कुरणावरचे लोक डब्यांत रॉकेलने भिजवलेले कागदाचे गुंडाळे पेटवून रांगेने ठेवत. आधी मोटार फिरवून कांगारू हाकलत. रोजच्या खर्चाचा मोठा भार आता सरकार उचलते. तरी संस्था धर्मादायच आहे, आणि नवी विमाने व त्यांतली वैद्यकीय सामग्री यांसाठी लोकवर्गणी लागतेच. गावोगावच्या घोड्यांच्या शर्यती आणि जत्रांतून ती आजही गोळा होते.