कुसळाची वाट

दिवाळी सरली, थंडी पडायला लागली की बार्शीच्या पूर्वेला बालाघाटाच्या धारेवर एकदा चालून यावं. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, पाणी लागेल त्याहून जास्त, आणि पायमोजे जुनेच घालावेत. नवे घातले तर घरी बोलणी खावी लागतात.

या धारेवर पावसाची वाटणी होते. पूर्वेला उतरलेलं पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढं गोदावरीला मिळतं. बार्शीकडचं भोगावतीतून सीनेत, सीनेतून भीमेत आणि शेवटी कृष्णेत जातं. पायाखाली सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आहे. माथ्यावर त्याच्यावर जेमतेम वीतभर माती, तीही मुरमाड. पाणी ठरत नाही, झाडाची मुळं खोल जात नाहीत, म्हणून माथा गवताचा. ओघळीत उतरलं की माती साठलेली असते. तिथं पळस, बोर, हिवर दाटीनं उभे दिसतात. माथ्यावर झाडं नाहीत ती कुणी तोडली म्हणूनच, असं धरून चालू नये. कागदोपत्री अशा माळाला ‘पडीक’ म्हणतात, तो शब्द मला फार खटकतो.

आता कुसळ. कुसळी गवताचं पिकलेलं बी चिमटीत धरून पाहा. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेली बारीक लव आणि वर दोरीसारखी पीळ घातलेली लांब शेपटी. शेपटीला थुंकी लावून तळहातावर ठेवा. थोड्या वेळात ती आपोआप फिरू लागते. तिच्यातल्या पेशींच्या भिंतींमधले धागे तिरके गुंडाळलेले असतात. ओलाव्यानं भिंती फुगतात आणि पीळ सुटतो. वाळल्या की पुन्हा बसतो. रात्री दव, दिवसा ऊन, असा तो पीळ सुटत-बसत राहतो आणि शेपटी गवताच्या काडीला किंवा खड्याला अडली की टोक जमिनीत घुसतं. लव उलटी असल्यामुळं ते मागे येत नाही. माळाला वणवा लागला तरी वरचं जळतं, मातीत शिरलेलं बी वाचतं. इंजिन नाही, स्नायू नाही, नुसत्या हवेतल्या ओलीवर चालणारा गिरमिट! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवणाऱ्यांनी ते एकदा हातात घेऊनही बघावं.

हेच टोक मेंढीच्या लोकरीतून कातडीत शिरतं. मागे वाटेत भेटलेले एक धनगर म्हातारबा म्हणाले, “कुसळ झडूस्तोवर ह्या अंगाला मेंढरं आणीत न्हाई बगा.”

वाट एकट्या पायी चालणाऱ्याची नसते. मेंढरं, बैलगाडी, मोटारसायकल, हल्ली सायकलवाली पोरं, रात्री खोकड आणि लांडगाही तिचाच वापर करतात. मेंढरांची पायवाट बहुधा उताराला आडवी जाते, त्यामुळं पाणी तिच्यावरून ओलांडून जातं. ओल्या मातीत सरळ उताराला गेलेलं चाक मात्र सलग चर पाडतं. पुढच्या पावसात पाणी त्या चरातून धावतं, वीतभर माती खरवडून नेतं आणि खालचा मुरूम उघडा पडतो. पावसाळ्यात गाडी खाली ठेवून चालत चढायला काय हरकत आहे?

याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. चहूकडे लांबवर दिसत राहणं हाच त्याचा बचाव. अशा माळावर हिरवाईच्या हौसेनं ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा उभ्या केल्या की त्याची नजर अडते आणि शिकारी पक्ष्यांना बसायला आयती फांदी मिळते.

संध्याकाळी घरी पायरीवर बसून पायमोज्यातली कुसळं उपटली. काही तुळशीच्या कुंडीत पडली. दुसऱ्या दिवशी पाणी घातलं, तर त्यातलं एक हळूहळू वळत होतं.