छाट बाजाराची पार्श्वभूमी : गिरण्यांच्या सोलापुरातला सायबरपंक

छाट बाजार ही सायबरपंक रोलप्लेइंग खेळासाठी रचलेली जागा आहे. सायबरपंक म्हणजे यंत्रं पुढारलेली, सत्ता बड्या कंपन्यांची आणि माणसं हलाखीत, अशा भविष्याच्या कथा; रोलप्लेइंग खेळात खेळाडू टेबलाभोवती बसून त्या कथेतली पात्रं होतात. या शतकाच्या अखेरचं सोलापूर, एका बंद गिरणीचं आवार आणि तिथे रात्री भरणारा चोरटा बाजार. बाजार आणि त्यातली माणसं काल्पनिक आहेत. हा बाजार सोलापुरातच का भरतो, हे मात्र खऱ्या इतिहासातून आलं आहे. खेळ चालवणाऱ्याला तो इतिहास माहीत असला, की टेबलाभोवतीचे खेळाडू नुसता माल मागत नाहीत. माल कुठून आला, हेही विचारू लागतात.

आधी खेळांच्या परंपरेबद्दल थोडंसं. माइक पाँडस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ हा खेळ १९८८ साली आला, पुढच्याच वर्षी ‘शॅडोरन’ आला आणि १९९० मध्ये ‘सायबरपंक २०२०’. त्यात ‘फिक्सर’ ही स्वतंत्र भूमिका होती : ओळखी, उधारी आणि मालाची ने-आण यांवर जगणारा माणूस. २०२० सालच्या ‘सायबरपंक रेड’मध्ये फिक्सर एकत्र येऊन रातोरात बाजार भरवतात. कंपन्यांच्या महायुद्धात जगाची मालवाहतूक मोडली आहे आणि रोजच्या वस्तूही दुकानात मिळेनाशा झाल्या आहेत, म्हणून हे बाजार भरतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा बाजार आधी टंचाईचा आहे, गुन्ह्याचा त्यानंतर.

खऱ्या जगातही असंच घडलं. टोकियोच्या अकिहाबारामध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग आणि व्हॅक्यूम ट्यूबा विकणारे फेरीवाले जमले. पुढे त्यांना रेल्वेपुलाखाली गाळे मिळाले आणि त्यातून इलेक्ट्रॉनिक्सची जगप्रसिद्ध पेठ उभी राहिली. आपल्याकडे त्याच महायुद्धाच्या काळात रेशनिंग आलं आणि काळाबाजार घरोघरच्या बोलण्यात आला. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत नियंत्रणाखाली आणलं. ज्या गावात घरोघरी माग चालतात, तिथे सुतावर नियंत्रण म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सूत थांबलं की माग थांबला, आणि माग थांबला की चूल.

सोलापुरात रेल्वे १८६० साली पोचली. मुरारजी गोकुळदास यांची सूतगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तिलाच सोलापुरात ‘जुनी गिरणी’ म्हणतात. मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून कामगार आले. पूर्व भागात आजही एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी कानावर पडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक गिरणी बंद पडत गेली. कौशल्य मात्र शहरातच राहिलं आणि यंत्रमागाच्या छोट्या शेडांमध्ये चालू राहिलं. छाट बाजाराचे सगळे कारागीर याच वारशाचे आहेत : कारखाना गेला, हात उरले.

सोलापुरी चादर जकार्ड यंत्रणेच्या मागावर विणली जाते, आणि या खेळासाठी इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. जोसेफ जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्याच्या छिद्रांवरून नक्षी विणणारी यंत्रणा बसवली. जिथे छिद्र, तिथला ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे छिद्र नाही, तिथे तो खालीच राहतो. छिद्रांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ बदला, नक्षी बदलते. मागाला हात लावावा लागत नाही. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या यंत्रासाठी हीच कल्पना घेतली, आणि हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रांच्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली. म्हणजे चादरीची नक्षी पाडणारा कारागीर संगणकाच्या आधीपासून आज्ञावली लिहीत आला आहे. म्हणून छाट बाजारातली नेटरनर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात घुसून माहिती चोरणारी, ही जकार्डची पट्टी पाडणाऱ्या घरातली आहे, आणि चोरलेली माहिती ती चादरीच्या काठात विणून शहराबाहेर पाठवते. कंपनीचे स्कॅनर चिप शोधतात, धागे मोजत नाहीत.

बाजाराचं नाव बिडीच्या धंद्यातून घेतलं आहे. सोलापुरात हजारो बायका घरी बसून बिड्या वळतात. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायचा, हजाराच्या हिशेबाने मजुरी, आणि माल परत देताना तपासणारा नापास बिड्या बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. खेळात मी हाच व्यवहार कृत्रिम अवयवांच्या जुळणीला लावला. घरी बसून बोटांचे सांधे जोडायचे, कंपनी दहातले दोन नापास करणार आणि पैसे कापणार. पण इथे बायका छाट कंपनीला परत देत नाहीत. ती दुरुस्त होऊन बाजारात येते. बाजाराचा कणा हाच आहे. बंदुकांचं दुकान कोपऱ्यात असू द्या. मध्यभागी दुरुस्तीवाल्या हव्यात. या बायकांची संघटना हीसुद्धा कल्पना नाही : कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार बायकांसाठी १०,००० घरं उभी राहिली, आणि पुढे रे नगर या वसाहतीची योजना ३०,००० घरांची झाली. सायबरपंकमध्ये गगनचुंबी महावसाहती सगळेच रंगवतात. भांडून मिळवलेली वसाहत मात्र क्वचितच दिसते.

आता पाळतीबद्दल. ८ मे १९३० च्या गोळीबारानंतर सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल उठल्यासारखा झाला, आणि १२ मेपासून मार्शल लॉ लागला. तिरंगा आणि गांधी टोपी दिसली की कारवाई. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. याच शहरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटही होती. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. त्या कुटुंबांना तिथे ठेवलं जाई, हजेरी द्यावी लागे, बाहेर जायला पास लागे, आणि त्यातले अनेक जण गिरण्यांत राबत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. जन्माबरोबर चिकटलेली नोंद, दाखवल्याशिवाय फाटक न उघडणारा पास, ही भविष्यातल्या ओळख-चिपची खरी पूर्वपीठिका आहे. म्हणून माझी एक अट आहे आणि ती मी सोडणार नाही : छाट बाजारातले चोर-तस्कर या जमातींचे दाखवायचे नाहीत. त्यांचे वंशज इथे नोंदी पुसणारे आहेत. ज्यांच्या आज्याला हजेरी द्यावी लागली, ते कोणाचीही हजेरी गायब करून देतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

बाजारातल्या दलालाचा, म्हणजे फिक्सरचा, साचा सुताच्या आडत्यावरून, म्हणजे सुताच्या व्यापारातल्या मध्यस्थावरून घेतला. तो हप्त्यावर माल देतो, प्रत्येक घराची ऐपत त्याला ठाऊक असते, आणि नव्या माणसाला जुन्याची हमी लागते. खेळाच्या नियमांत याचा अर्थ सरळ आहे : पैसे कितीही असोत, हमी देणारं कुणी नसेल तर बाजाराचं फाटक उघडत नाही, आणि हमी दिलेल्याने दगा दिला तर भुर्दंड हमीदाराला.

पहिलं सत्र संक्रांतीच्या दिवसांत ठेवा. सिद्धेश्वराची यात्रा, ६८ लिंगांच्या वाटेने निघालेले नंदीध्वज, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. पाळणे, भांड्यांची दुकानं, खेळणी, आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लोटलेली गर्दी. कंपनीची पाळत त्या गर्दीत चेहरे मोजता मोजता थकते. त्याच रात्री बाजाराचा माल गड्ड्यातल्या खेळण्यांच्या गाठोड्यांमधून आत येतो, आणि त्यातलं एक गाठोडं तुमच्या खेळाडूंच्या हाती चुकून पडतं.