सोयापेंडीतलं प्रोटीन आणि योहान केल्डाल

लातूरच्या तेलगिरण्यांतून निघणाऱ्या सोयापेंडीचा भाव ठरताना तिच्यात प्रोटीन किती टक्के, हे आधी पाहिलं जातं. ते मोजायची मूळ पद्धत १८८३ मध्ये योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने दिली. जन्म १८४९ चा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८७६ पासून मृत्यूपर्यंत ते रसायन विभागाचे प्रमुख होते. बिअरसाठी लागणाऱ्या जवातलं प्रोटीन मोजायला सोपी रीत हवी होती, त्यातून ही पद्धत जन्मली.

पेंड बारीक दळून ०.५ ग्रॅम घ्यायची. त्यात १० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, चिमूटभर मोरचूद आणि २५ मिलि तीव्र गंधकाम्ल घालून धुराड्याखाली उकळायचं. पोटॅशियम सल्फेटमुळे आम्लाचा उत्कलनबिंदू वाढतो. ही सुधारणा मागाहून, १८८९ मध्ये गनिंग यांनी केली. काळा रस्सा निवळून हिरवट-निळा झाला की घाईने गॅस बंद करू नये, अजून तासभर उकळू द्यावा. मोजायचा असतो तो प्रोटीनमधला नायट्रोजन; त्यातला काही सुटायला वेळ घेतो आणि इथेच आकडा सर्वाधिक वेळा कमी येतो.

पूर्ण थंड झाल्यावर पाणी घालायचं, मग ४० टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण सुमारे १०० मिलि. गरम आम्लात सोडा ओतला तर ते उसळून अंगावर येतं. द्रावण गडद काळपट झालं नाही, तर सोडा कमी पडला असं समजावं. सुटलेला अमोनिया ऊर्ध्वपातनाने ४ टक्के बोरिक आम्लात घ्यायचा. नळीचं टोक बोरिक आम्लात बुडालेलंच हवं, नाहीतर अमोनिया हवेत जातो. शेवटी ०.१ नॉर्मल (तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब आम्ल घालून ते किती लागलं हे मोजणं. एक मिलि आम्ल म्हणजे १.४ मिग्रॅ नायट्रोजन. कोऱ्या, म्हणजे पेंड न घालता केलेल्या, चाचणीचं आम्ल वजा करून २७ मिलि लागलं, तर नायट्रोजन ७.५६ टक्के, त्याला ६.२५ ने (नायट्रोजनवरून प्रोटीन काढायचा गुणक) गुणलं की ४७.२५ टक्के प्रोटीन.

केल्डाल यांना १८९० मध्ये रॉयल डॅनिश अकादमीचं सदस्यत्व आणि १८९४ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाची मानद डॉक्टरेट मिळाली. १९०० मध्ये समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी आलेल्या सॉरेन्सन यांनी पुढे आम्लता मोजणारी पीएच मापनश्रेणी मांडली. पण माझ्या मते केल्डाल यांचा सर्वांत मोठा सन्मान हा की आजही अन्न, चारा आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांत त्यांच्या नावानेच ही चाचणी चालते.

मात्र ही चाचणी मोजते नायट्रोजन, प्रोटीन नव्हे. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४५ टक्के प्रोटीनच्या शंभर किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला, की कागदावर ४७ टक्क्यांहून जास्त प्रोटीन दिसतं. चीनमध्ये २००८ मध्ये दुधात मेलॅमिन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलं गेलं ते याच पळवाटेने. म्हणून पेंड विकत घेणाऱ्याने प्रोटीनच्या अहवालासोबत युरियाची वेगळी चाचणी मागावी.