ग्रामीण सामुदायिक केंद्र : स्थापना आणि निधी

ग्रामीण सामुदायिक केंद्र म्हणजे एखाद्या गावाने, किंवा जवळजवळच्या काही वस्त्यांनी, मिळून वापरायची आणि शक्यतो स्वतःच चालवायची जागा. शहरात वाचनालय, व्यायामशाळा, पाळणाघर, सभागृह यांना वेगवेगळ्या इमारती परवडतात. खेड्यात माणसे थोडी असतात, म्हणून सकाळी बालवर्ग, दुपारी आरोग्य तपासणी आणि रात्री सभा एकाच छताखाली होतात. ही सोय असली तरी केंद्राची आर्थिक अडचणही तिथूनच सुरू होते, कारण वापरणारे बरेच असले तरी प्रत्येकाचा वापर थोडा असतो. इमारत उभी करायला एकदाच मोठी रक्कम लागते आणि ती मिळवणे अवघड असले तरी अशक्य नसते. चालवायला दरवर्षी लहान रक्कम लागते, आणि बहुतेक केंद्रे तिथेच अडतात.

पूर्वपीठिका : अशा जागांची परंपरा अनेक देशांत स्वतंत्रपणे वाढली. डेन्मार्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मोपदेशक व विचारवंत ग्रुंटव्हिग यांच्या लोकशिक्षणाच्या विचारांनी प्रभावित झालेल्या शेतकऱ्यांनी गावोगावी सभाघरे बांधली. त्यांसाठी गावकऱ्यांनी भाग (शेअर) विकत घेतले आणि बांधकामावर स्वतः राबले. अमेरिकेत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेंज या शेतकरी संघटनेच्या शाखांनी बांधलेली सभागृहे पुढे साऱ्या परिसराची झाली. इंग्लंडमधील व्हिलेज हॉलना, म्हणजे गावाच्या सामाईक सभागृहांना, पहिल्या महायुद्धानंतर जोर आला. १९१९ मध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस स्थापन झाली, त्यानंतर परगण्यांमध्ये ग्रामीण परिषदा निघाल्या आणि सभागृहांना सल्ला व कर्ज मिळण्याची सोय झाली. या मागणीमागे ग्रामीण स्त्रियांच्या विमेन्स इन्स्टिट्यूटचाही मोठा वाटा होता. १८९७ मध्ये कॅनडात सुरू झालेली ही चळवळ १९१५ मध्ये वेल्समार्गे ब्रिटनमध्ये पोहोचली होती. गावात पुरुषांना जमायला गुत्ते होते. स्त्रियांना तशी हक्काची जागा नव्हती.

दोन उदाहरणे जास्त बोलकी आहेत. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९४६ मध्ये परिपत्रक काढून गावोगावी ‘कोमिनकान’, म्हणजे लोकशिक्षणाची सार्वजनिक केंद्रे, सुरू करण्याचे आवाहन केले, आणि १९४९ च्या सामाजिक शिक्षण कायद्याने त्यांना कायदेशीर आधार दिला. युद्धाने देश उद्ध्वस्त झालेला, सिमेंट-लाकडाची टंचाई. त्यामुळे सुरुवातीच्या कित्येक कोमिनकानांना स्वतःची इमारतच नव्हती. शाळेत, मंदिरात, उघड्यावर वर्ग भरत. अशा केंद्रांना ‘निळ्या आभाळाची कोमिनकान’ म्हणत. दुसरे उदाहरण जर्मनीतील हेसन राज्याचे. तिथे १९५० च्या दशकात शासनाच्या मदतीने ग्रामगृहे बांधली गेली आणि त्यांत सभागृहाबरोबरच सामाईक धुलाईयंत्रे, शीतगृहातील कप्पे आणि स्नानगृहे होती. पुढे घरोघरी यंत्रे व न्हाणीघरे आली आणि या सोयींची गरज सरली, पण सभागृहे वापरात राहिली. आजच्या गरजेला अगदी नेमकी बसणारी इमारत वीस वर्षांनी अडचणीची ठरू शकते, हे आराखडा काढताना लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुरुवात : केंद्राची कल्पना बहुधा पाच-सात जणांच्या डोक्यात येते आणि त्यांना पहिल्याच दिवशी इमारतीचे चित्र दिसू लागते. ते थोडे लांबणीवर टाकलेले बरे. आधी घरोघरी जाऊन विचारपूस करावी लागते, आणि तीत प्रश्न कसा विचारला याला फार महत्त्व असते. ‘तुम्हाला केंद्र हवे का?’ या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही, म्हणून त्या होकाराला किंमत नसते. ‘गेल्या महिन्यात कोणत्या कामासाठी गावाबाहेर जावे लागले?’, ‘आठवड्यातल्या कोणत्या वारी, किती वाजता तुम्ही इथे याल?’, ‘त्यासाठी काय द्याल, पैसे की वेळ?’ अशा प्रश्नांची उत्तरे उपयोगी पडतात. घरातला एकच कर्ता माणूस सगळ्यांच्या वतीने बोलत असेल तर तरुण, वृद्ध आणि स्त्रिया यांना वेगळे गाठावे लागते.

त्याचबरोबर आधीच काय उपलब्ध आहे याची मोजदाद करावी. संध्याकाळी रिकामी असणारी शाळा, पटसंख्येअभावी बंद पडलेली शाळा, प्रार्थनास्थळाचे सभागृह, वापरात नसलेले गोदाम किंवा टपाल कार्यालय यांपैकी काही ना काही बहुतेक ठिकाणी असते. जुन्या इमारतीची डागडुजी नेहमीच स्वस्त पडते असे नाही. पाया, छप्पर आणि वीजजोडणी तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. मात्र उसन्या जागेत वर्षभर उपक्रम चालवून पाहण्यासारखा दुसरा पुरावा नाही. हजेरीच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या आणि ठरलेले वेळापत्रक हाती असलेला गट निधी देणाऱ्याकडे जातो तेव्हा त्याला आपली गरज शब्दांत पटवावी लागत नाही.

कायदेशीर रूप आणि जमीन : नोंदणी न केलेल्या समितीच्या नावाने कंत्राट केले तर कर्जाची किंवा अपघाताची जबाबदारी सभासदांवर व्यक्तिशः येऊ शकते. म्हणून न्यास, नोंदणीकृत संस्था, सहकारी संस्था किंवा स्थानिक शासनाची मालकी यांपैकी एक रूप ठरवावे लागते. स्थानिक शासनाकडे मालकी असली की देखभालीला कोणीतरी बांधील राहते, पण सत्ता बदलली की किल्ली बदलते. न्यास टिकाऊ असतो. विश्वस्त मात्र आपणच आपले वारस नेमू लागले तर तो गावापासून तुटतो. इंग्लंडमध्ये यावर एक चांगला तोडगा रुळला आहे. जमिनीची मालकी बऱ्याचदा पॅरिश कौन्सिलसारख्या (गावपातळीवरची निवडून दिलेली परिषद) संस्थेच्या नावे केवळ राखणदार म्हणून ठेवतात आणि कारभार वेगळी समिती पाहते. या समितीत गावाने निवडलेले सदस्य असतात, तसेच सभागृह नेहमी वापरणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधीही असतात.

जमिनीबाबत ढिलाई सर्वांत महागात पडते. एखादा सज्जन गृहस्थ तोंडी शब्दावर जागा देतो, गाव त्यावर बांधकाम करते, आणि पुढच्या पिढीत वारस हक्क सांगत येतात. बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा नोंदवल्याशिवाय पायाचा दगडही बसवू नये. निधी देणाऱ्या संस्था बहुधा कागद मागतातच, आणि भाडेपट्ट्याची उरलेली मुदतही पाहतात. ‘केंद्र बंद पडल्यास जागा दात्याकडे परत जाईल’ अशा अटीकडे विशेष लक्ष द्यावे. जागा परत गेली की तिच्यावर इतरांच्या पैशाने उभी राहिलेली इमारतही जाते.

उभारणीचा पैसा : स्थानिक वर्गणी आधी जमवावी, बाहेरचा निधी नंतर मागावा. वर्गणीची रक्कम एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असली तरी चालते. तिचा उपयोग किती घरांनी दिले हे दाखवण्यासाठी असतो. एका श्रीमंत घराने दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा शंभर घरांनी दिलेली तेवढीच रक्कम अनुदान देणाऱ्याला जास्त सांगते. कित्येक अनुदाने स्थानिक वाट्याच्या प्रमाणातच मिळतात. श्रमदान आणि फुकट मिळालेले साहित्य यांची किंमत धरून ती स्थानिक वाट्यात मोजण्याची मुभा अनेक योजनांत असते. त्यासाठी कामाच्या तासांची रोजच्या रोज नोंद ठेवावी लागते. नॉर्वेत अशा सामूहिक श्रमाला ‘डुग्नाड’ म्हणतात आणि तिथली अनेक ग्रामगृहे तशीच उभी राहिली. तरी वीजजोडणी, छप्पर आणि सांडपाणी ही कामे उत्साही स्वयंसेवकांवर सोपवू नयेत.

अनुदानाचा एक बारकावा नवख्या समित्यांना दमवतो. पुष्कळ अनुदाने आधी खर्च करून बिले सादर केल्यावर मिळतात. मंजुरीचे पत्र आले म्हणून कंत्राटदाराला पैसे देता येत नाहीत. मधल्या काही महिन्यांसाठी उचल, अल्पमुदतीचे कर्ज किंवा टप्प्याटप्प्याने मिळणारा हप्ता यांची तरतूद आधी करावी लागते. दीर्घ मुदतीचे कर्ज तेव्हाच काढावे जेव्हा ठरलेल्या भाडेकरूकडून येणारे उत्पन्न हप्त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असेल. भाग विकून भांडवल उभारण्याचा डॅनिश मार्ग ब्रिटनमध्ये अलीकडे पुन्हा वापरात आला आहे. तिथे कोणी कितीही भाग घेतले तरी मत एकच असते, त्यामुळे पैशाच्या जोरावर कोणाला केंद्र ताब्यात घेता येत नाही.

एकट्या मोठ्या दात्याचे आकर्षण साहजिक आहे. तो सहसा इमारत देतो, दिव्यांचे बिल देत नाही. वीजबिलावर नाव कोरता येत नाही, हेही त्याचे एक कारण असावे. या बाबतीत अमेरिकन पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. १८८३ ते १९२९ या काळात त्यांच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांची नेहमीची अट अशी की गावाने जागा द्यायची आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालय चालवण्यासाठी राखून ठेवायची. म्हणजे १०,००० डॉलरची इमारत घ्यायची तर वर्षाला १,००० डॉलर कायमचे कबूल करायचे. काही गावांनी या अटीपायी देणगी नाकारली. अट कठोर होती, पण जे गाव वर्षाचा खर्च कबूल करू शकत नाही त्याला इमारत देऊन उपयोग नाही, हा हिशेब त्यामागे होता.

चालवण्याचा पैसा : विमा, वीज, पाणी, कर, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती हा खर्च कोणी आले नाही तरी होतो. तो काढून ताशी भाड्याने भागला की किती तास सभागृह भाड्याने जायला हवे ते कळते. समजा वर्षाचा स्थिर खर्च ताशी भाड्याच्या ६०० पट आहे. म्हणजे ६०० तास, आठवड्याला सुमारे साडेअकरा तास, वर्षभर, न चुकता. खेड्यात मागणी असते ती संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, म्हणून साडेअकरा तास कागदावर दिसतात तितके सोपे नसतात. आराखडा काढण्यापूर्वी हे गणित मांडणाऱ्या समित्या थोड्या. ज्या मांडतात त्या बहुधा इमारत लहान करतात.

दिवसाचे रिकामे तास भरून काढणारा नियमित भाडेकरू हा सर्वांत खात्रीचा आधार : टपाल सेवा, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर, पाळणाघर, दूरस्थ काम करणाऱ्यांची बसण्याची सोय. स्थानिक मंडळांना कमी, खासगी समारंभांना जास्त आणि व्यापारी वापराला त्याहून जास्त असा तीन पातळ्यांचा दर बहुतेक ठिकाणी चालतो. समारंभांचे भाडे चांगले मिळते, पण त्यांच्या गर्दीत शनिवारचा मुलांचा वर्ग हळूहळू बाहेर फेकला जातो. त्यामुळे काही वेळा पैसे देणाऱ्यालाही नाही म्हणण्याचा नियम आधीच लिहून ठेवावा. छप्पर, रंग, पंप यांच्या बदलासाठी दरवर्षी वेगळी रक्कम बाजूला ठेवली नाही, तर जमाखर्चात शिल्लक दिसते आणि पंधराव्या वर्षी पाऊस आत येतो.

कारभार : किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. ज्याच्या घरी किल्ली, त्याच्याशी पटत नसलेली माणसे केंद्रात येणे टाळतात. दोन-तीन वेगवेगळ्या वस्त्यांत किल्ल्या ठेवणे किंवा अंकी कुलूप बसवणे हा साधा उपाय आहे. आरक्षणाची वही सर्वांना दिसेल अशी असावी, हिशेब वर्षातून एकदा खुल्या सभेत वाचला जावा आणि पदाधिकाऱ्यांच्या मुदतीला मर्यादा असावी. संस्थापकांचा थकवा ही अशा केंद्रांतली नेहमीची व्याधी आहे. त्यांच्या जागी येणाऱ्यांना सुरुवातीपासून लहान कामे दिलेली नसतील तर ऐन वेळी कोणीच पुढे येत नाही.

इमारतीत साठवणीची जागा नेहमी कमी पडते. एका प्रचंड दालनापेक्षा एक मध्यम दालन आणि दोन लहान खोल्या जास्त वेळ भाड्याने जातात. पायऱ्यांऐवजीचा उतरता मार्ग (रॅम्प), स्वच्छतागृहे आणि बाहेरचा दिवा यांत काटकसर केली तर म्हातारी माणसे आणि रात्री एकट्या येणाऱ्या स्त्रिया येईनाशा होतात.

संस्थेच्या नियमावलीत विसर्जनाचे कलम सुरुवातीलाच घालतात. गावाची लोकसंख्या घटली, शेजारी नवे केंद्र झाले किंवा समितीच उरली नाही, तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत न वाटता समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, असे त्यात नमूद असते. अनेक देशांत करसवलत मिळण्यासाठी हे कलम आवश्यकच असते.