होज, रील आणि लाल पेटी : एका शब्दाच्या घोळाची पार्श्वभूमी

आगीची बातमी वाचताना नाशिककर आधी किती बंब आले ते बघतो. बंबातून निघालेला होज, म्हणजे पाणी नेणारी लवचीक नळी, कुठवर पोहोचला, हे बातमीत क्वचितच असते. जुन्या नाशकात मात्र निम्मे काम तिथेच अडते. भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजार इकडच्या बोळांत मोठी गाडी शिरत नाही. ती रस्त्यावर थांबते आणि पुढचे अंतर होजने कापायचे असते, 15-15 मीटरचे तुकडे एकमेकांना जोडत. 63 मिलिमीटरच्या अशा एका तुकड्यात सुमारे 47 लिटर पाणी मावते. म्हणजे काखेत मारून नेलेली चपटी गुंडाळी पाणी सुटताच 47 किलोने जड होते आणि लाकडासारखी ताठते. वाड्याच्या जिन्यातली वळणे त्याआधीच घेऊन झालेली बरी.

(‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला असे मानतात, म्हणजे पंप. आपण तो न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यालाही लावला. एकच शब्द आग लावून पाणी तापवणाऱ्यालाही आणि पाणी मारून आग विझवणाऱ्यालाही!)

खरा घोळ ‘होज’ या शब्दाचा आहे, आणि तो इमारतींच्या कागदपत्रांत भरलेला आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा 2006 चा, अंमल 2008 पासून. तेव्हापासून आगीची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथे उंच इमारती वाढल्या तसा हा शब्द सोसायट्यांच्या इतिवृत्तांत शिरला. ‘होज पाइप बदलणे’ असा ठराव होतो. कोणता होज?

मजल्यावर दोन वेगळ्या वस्तू असतात. लाल पेटीत असतो तो मोठा होज: बाहेर विणलेले कापड, आत रबर, रिकामा असताना चपटा. त्याचे एक टोक शेजारच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे आगीच्या पाण्याच्या उभ्या पाइपवरच्या तोटीला बसते, दुसऱ्या टोकाला ब्रँच पाइप, म्हणजे हातात धरून धार मारायची धातूची नळी लागते. दुसरी वस्तू होज रील, म्हणजे ड्रमवर गुंडाळलेली बोटभर व्यासाची रबरी नळी, साधारण 30 मीटरची. ती कायम गोलच राहते, त्यामुळे पूर्ण उलगडायची गरज नसते. व्हॉल्व्ह उघडायचा, लागेल तेवढी ओढायची, टोकाची तोटी फिरवायची. एका माणसाचे काम. आमच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी ‘होज बदलले’ अशी नोंद झाली. बदलली होती रील. पेटीतला होज तसाच, घडीवर चिरलेला, आतले रबर एकमेकांना चिकटलेले. बिलावर एवढेच होते : ‘होज, नग 8’.

वाद आहे तो मोठ्या होजवर. तो रहिवाशांच्या हाताशी ठेवायचाच कशाला, असा एक पक्ष आहे. त्यांचे गणित चुकीचे नाही. ब्रँचच्या 20 मिलिमीटरच्या नोझलमधून, म्हणजे तोंडातून, 5 बार दाबाने पाणी सुटले तर मिनिटाला जवळपास 600 लिटर बाहेर पडते आणि धरणाऱ्याला 32 किलोच्या आसपास मागे रेटते. नवख्याच्या हातून ब्रँच सुटली तर ती सापासारखी फटकारत फिरते. शिवाय पेटीतली गनमेटलची कपलिंग, म्हणजे होजच्या टोकांचे धातूचे जोड, चोरीला जाऊन भंगारात विकले जातात, ती वेगळीच डोकेदुखी. म्हणून व्हॉल्व्ह ठेवा, होज अग्निशमन दल आणेल, असे हे लोक म्हणतात. मला हे पटत नाही. जवान वर पोहोचले तेव्हा जागेवर असलेला चांगला होज त्यांचीच मिनिटे वाचवतो, आणि रखवालदार व दोन-चार तरुणांना तो धरायला शिकवणे एका रविवारचे काम आहे. बाकीच्यांनी रीलच वापरावी. पण त्यासाठी आधी दोन्हींना वेगळी नावे लागतील.

जुना इतिहास थोडक्यात. 1672 च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका चित्रकाराने भावाच्या मदतीने चामड्याचा शिवलेला होज आणला. त्याआधी पंपाच्या तोंडातून लांबूनच धार मारत. शिवण दाबाला उसवायची, म्हणून 1807 मध्ये फिलाडेल्फियात चामडे रिव्हेट मारून जोडू लागले. पुढे जवसाच्या धाग्याचा विणलेला होज आला. तो सुरुवातीला पाझरायचा, मग धागे फुगून छिद्रे बुजायची. पाझर हा दोषच होता असे नाही, ओल्या होजवर निखारा पडला तरी तो लवकर जळत नसे. मग आतून रबर आले आणि पाझर थांबला. आपल्याकडच्या भारतीय मानक 636 च्या नावात ‘न पाझरणारा’ हा शब्द आजही आहे, तो त्या जुन्या भावंडापासून वेगळेपण सांगण्यासाठी. बाजारात मात्र रबर असलेल्यालाही सर्रास ‘कॅनव्हास’च म्हणतात.

जोडणीचा धडा 1904 चा. बाल्टिमोर जळत असताना शेजारच्या शहरांतून पथके आली, पण त्यांच्या होजचे आटे तिथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या आगीच्या नळाला, बसेनात. आपल्याकडे 63 मिलिमीटरचे खटकन बसणारे मेल-फिमेल कपलिंग प्रमाण धरले गेले. 1 जानेवारी 2023 ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या कारखान्यात स्फोट होऊन आग भडकली, तेव्हा ठिकठिकाणचे बंब धावले. अशा वेळी एकाचा होज दुसऱ्याच्या गाडीला बसतो, हे आपण गृहीतच धरतो.

तिसरा होज सोसायटीत दिसत नाही, तो गाडीवर असतो : सक्शन, म्हणजे नदी-विहिरीतून पाणी पंपात खेचून घेणारा. हा चपटा होऊन चालत नाही. पंप आतली हवा खेचतो तेव्हा बाहेरची हवा त्याला चिरडायला बघते, म्हणून आत तारेचे वेटोळे आणि पाण्यातल्या टोकाला जाळी. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, इथे हवेचा दाब थोडा कमी. त्यामुळे पाणी जास्तीत जास्त साडेनऊ मीटर चढेल हे पुस्तकी गणित, प्रत्यक्षात 7 मीटरच्या आतच धरायचे. म्हणजे गोदावरीचे पाणी खेचायचे तर गाडी रस्त्यावर उभी करून भागत नाही, घाटावर पाण्याजवळ उतरवावी लागते. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी नेमकी तीच जागा माणसांनी भरलेली असेल.