माज न पाहता रेतन: तीन इंजेक्शनांचं वेळापत्रक

गाय गाभण नसेल तर साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. पण भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईचा माज काही तासांतच सरतो, तोही अनेकदा रात्री. म्हशींचा, विशेषतः उन्हाळ्यातला मुका (बाहेरून लक्षणं न दाखवणारा) माज तर अनुभवी माणसालाही चकवतो. एक माज हुकला की तीन आठवडे वाया जातात, चाऱ्याचा खर्च मात्र चालूच राहतो.

माज ओळखण्याची ही कटकटच टाळणारी ‘ओव्हसिंक’ पद्धत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड पर्स्ली, मिलो विल्टबँक आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडली. पहिल्या दिवशी जीएनआरएच हे संप्रेरक टोचतात. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच हे दुसरं संप्रेरक सोडते, अंडाशयातला मोठा बीजकोश (स्त्रीबीज वाढवणारी पिशवी) फुटतो आणि नव्या बीजकोशांची वाढ सुरू होते. फुटलेल्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतो आणि तोवर गाय माजावर येत नाही. सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन हे औषध देऊन हा पीतपिंड विरघळवतात. आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच. त्यानंतर 24 ते 32 तासांत स्त्रीबीज सुटतं, म्हणून साधारण 16 तासांनी रेतन करायचं, माज दिसो वा न दिसो.

मला या पद्धतीचं मोल वाटतं ते वेळ हाती येण्यात. गर्भ राहीलच याची हमी तिच्यात नाही. पहिल्याच रेतनात निम्म्याहून अधिक गाई उलटणं, म्हणजे गाभण न राहणं, नेहमीचं आहे. व्यायल्यानंतर गाय खाते त्याहून जास्त ऊर्जा दुधातून बाहेर टाकते. ती फारच खंगली तर मेंदूकडून एलएचचे इशारे मंदावतात आणि अंडाशय थंड पडतं. अशा गाईच्या योनीमार्गात प्रोजेस्टेरॉनचं साधन सात दिवस ठेवून मग प्रोस्टाग्लँडिन दिल्यास काहीसा फायदा होतो. पण पोटभर चारा, पुरेसा खुराक आणि खनिज मिश्रण आधी हवं. गर्भाशयात पू असेल तर आधी त्यावर उपचार.

प्रोस्टाग्लँडिनने गाभण गाय गाभडू शकते. त्यामुळे आधी गर्भतपासणी हवीच, आणि इंजेक्शन पशुवैद्याकडूनच. हे औषध माणसाच्या कातडीतूनही शोषलं जातं. घरातल्या गरोदर बाईने आणि दमेकऱ्यांनी त्या बाटलीला हात लावू नये.