मधलं घर एककाचं

वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० दिसलं की आपण मुकाट्याने पाव किलोचे पैसे देतो. तोच आकडा गणिताच्या वहीत ०.२५ म्हणून आला आणि शेजारी ०.३ असलं, की पाचवी-सहावीतली बरीच मुलं ०.२५ मोठा म्हणून मोकळी होतात. पंचवीस तीनापेक्षा मोठे, हा त्यांचा हिशेब. पोरांना दोष तरी किती द्यायचा? 'पॉइंट पंचवीस' असं वाचायला आपणच शिकवतो. शिवाय पूर्ण संख्यांत ज्यात अंक जास्त ती संख्या मोठी, हा नियम तोवर त्यांना कधीच फसवत नाही. टिंबाच्या पलीकडे मात्र तो चालत नाही.

तिथे चालतं ते घर. एककाच्या डावीकडे दशक, शतक, हजार. दर घराला किंमत दहापट. उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश; दर घराला किंमत दहावा भाग. आता दशकाची जोडी दशांशाशी, शतकाची शतांशाशी, मग एककाच्या जोडीचा 'एकांश' कुठे गेला? वर्गात हा प्रश्न कुणी विचारला तर त्याची पाठ थोपटावी. आपण समजतो की टिंब मधोमध आहे आणि दोन्हीकडे घरं सारखी मांडली आहेत. खरं तर मधोमध एकक आहे. त्याच्या एका बाजूला दहापट, दुसऱ्या बाजूला दहावा भाग. त्याला स्वतःला जोडीदार लागतच नाही. टिंबाचं काम एवढंच, की एकक कोणता ते दाखवायचं.

दहाव्या शतकात दमास्कसमध्ये लिहिणाऱ्या अल-उक्लिदिसी या गणितज्ञाने ही खूण अंकांच्या मध्ये न घालता थेट एककाच्या डोक्यावर केली होती. मला ती आजच्या टिंबापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते. १५८५ साली सायमन स्टेव्हिनने युरोपात दशांश अपूर्णांकांवर पुस्तिका काढली. तो एककापुढे वर्तुळात ०, दशांशापुढे १, शतांशापुढे २ असं लिहीत जाई. लिहिणाऱ्याचा हात दुखला असेल, पण घर चुकायची सोय नव्हती. आज जर्मनी-फ्रान्समध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात, आणि त्यांचं काही अडत नाही.

एकदा घरं दिसली की ०.३ म्हणजे ३० शतांश, ०.२५ म्हणजे २५ शतांश, भांडण मिटलं. ०.५ आणि ०.५०० यांची किंमतही एकच. काटा शेवटची दोन शून्यं दाखवतो ती फक्त ग्रॅमपर्यंत मोजतो म्हणून. शून्य पाचाच्या आधी घुसलं तर मात्र पाच एक घर मागे सरकतो: ०.०५० किलो म्हणजे नुसते पन्नास ग्रॅम.

टिंब दिसलं की दशांशच, असंही नाही. क्रिकेटच्या धावफलकावर १८.३ षटकं असतात, तिथे टिंबापुढे चेंडू मोजलेले असतात आणि ते सहा झाले की षटक पुरं होतं. म्हणून १८.५ नंतर नियमाचा एक चेंडू पडला की थेट १९. समजा, १८.३ षटकांत १४८ धावा झाल्या. कॅल्क्युलेटरवर १४८ भागिले १८.३ केलं तर धावगती ८.०९ येते, आणि ती चूक आहे. तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक, तेव्हा भागायचं १८.५ ने. धावगती नेमकी ८.